तिसरा उंचवटा

शर्यत म्हटली की आपल्या मनात वेग येतो आणि वेगापाठोपाठ धाडस. हौशी मोटारसायकल शर्यतीच्या तीन दिवसांत मात्र प्रत्यक्ष वेगाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. सरावाची पंधरा-वीस मिनिटांची सत्रे, पात्रता फेरी आणि आठ फेऱ्यांची शर्यत, एवढ्या साऱ्याची बेरीज दोन-अडीच तासांपलीकडे जात नाही. उरलेला सगळा काळ गाडी स्टँडवर असते आणि तिच्याभोवती माणसे बोलत असतात. ह्या बोलण्याचा विषय एकच असतो : सेटअप. ह्या ट्रॅकसाठी, आजच्या हवेसाठी आणि ह्या स्वारासाठी गाडी कशी लावावी? मी महाविद्यालयात मराठी शिकवते. हे बोलणे ऐकताना समीक्षेतला एक जुना प्रश्न मला अगदी उघड्या रूपात भेटला. अनुभवाविषयीचे कोणते विधान कामाचे आणि कोणते केवळ कानाला बरे वाटणारे?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या थोरल्या भावाचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. त्याचा मुलगा चोवीस वर्षांचा. नोकरी सांभाळून तो वर्षातून दोन-तीनदा शर्यतीत उतरतो. मागल्या हंगामात एका वळणातून बाहेर पडताना मागचे चाक उडाले, तो पडला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यानंतर वहिनींनी ह्या विषयावर बोलणेच सोडले. म्हणून ह्या वेळी कोइमतूरला त्या दोघांबरोबर मी गेले. माझ्याकडे काम दिले गेले ते वहीचे. प्रत्येक सत्रानंतर तापमान, टायरमधली हवा, केलेला बदल आणि फेऱ्यांच्या वेळा लिहायच्या. शेवटचा रकाना मी स्वतःहून आखला : गाडीवरून उतरताच स्वार जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत.

कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे हा २.१ किलोमीटरचा छोटा, वळणावळणांचा ट्रॅक. शर्यतीच्या गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन ह्यांचे १९९५ साली विमान अपघातात निधन झाले. त्यांचे नाव ह्या ट्रॅकला आहे. अशा आखूड ट्रॅकवर इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीच्या बैठकीला महत्त्व येते, कारण एका वळणातून गाडी सावरते न सावरते तोच पुढचे वळण समोर असते.

ही बैठक म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. स्वार बसल्यावर मागचा शॉकअप किती दबतो, हे पहिले मोजमाप. ट्रॅकसाठी ते साधारण तीस ते पस्तीस मिलिमीटर ठेवतात. स्प्रिंगवरचा ताण कमी-जास्त करून ते साधायचे. स्प्रिंग दबताना तिला किती अडवायचे हे एका स्क्रूने ठरते आणि दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उठू द्यायची हे दुसऱ्या स्क्रूने. ह्या दुसऱ्याला 'रिबाउंड' म्हणतात. दोन्ही स्क्रू 'क्लिक' मोजत फिरवायचे. पुढचे फोर्क क्लॅम्पमधून पाच मिलिमीटर वर सरकवले की गाडीचे नाक खाली येते आणि ती वळणात चटकन शिरते; पण त्याच बदलाने सरळ रस्त्यावर ती थोडी अस्वस्थही होते. मागच्या स्प्रॉकेटला दोन दाते वाढवले तर उठाव वाढतो. साखळी तीच ठेवली तर मागचे चाक पुढे ओढून घ्यावे लागते आणि दोन चाकांतले अंतर घटते. म्हणजे गिअरसाठी केलेला बदल वळणाच्या स्वभावात उतरतो. ह्या यंत्रात सुटा बदल असा नसतोच. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयी घटकांच्या परस्परसंबंधांतून उभ्या राहतात. मोटारसायकलची रचना समजून घेताना मला त्या विचाराचा जेवढा आधार झाला, तेवढा माहितीपुस्तिकेचा झाला नाही.

सारेच एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे दादाचा नियम कडक होता : एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहिल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. शेजारच्या तंबूत एका दुपारी चार गोष्टी एकदम बदलल्या गेल्या. गाडी सुधारली, पण कशाने हे तिथे कोणालाच सांगता येईना. दादा म्हणाला, "आता ही बिघडली तर परत कुठे जायचे हे त्यांना माहीत नाही."

खरी अडचण वेगळीच निघाली. शुक्रवारी सकाळच्या सत्रानंतर भाचा उतरला आणि म्हणाला, "बाबा, मागून फार हार्ड आहे. कॉम्प्रेशन सॉफ्ट करा. एक्झिटला अंडरस्टिअर येतोय." तंबूत उभ्या असलेल्या इतर मुलांनी माना डोलावल्या. दादाने पाना खाली ठेवला. "हे तू मोबाइलवर ऐकलेले सांगतोयस. तुझ्या अंगाला काय लागले ते सांग." पोरगा गोंधळला. मग डोळे मिटून, हात हँडलवर असल्यासारखे धरून, त्याने ते वळण मनातल्या मनात पुन्हा घेतले. "उजव्या वळणातून बाहेर पडताना तीन उंचवटे आहेत. पहिला गाडी गिळते. दुसरा कळतो. तिसरा थेट कमरेत घालते. आणि तिथेच ती बाहेर सरकते."

मी ते वाक्य जसेच्या तसे उतरून घेतले. दादाला तेवढे पुरेसे होते. स्प्रिंग मुळातच कडक असती तर पहिलाच उंचवटा कमरेत बसला असता. पहिला गिळला जातो आणि तिसरा लागतो, ह्याचा अर्थ पहिल्यानंतर स्प्रिंगला उठायला सवड मिळत नाही. ती दबलेली असतानाच दुसरा येतो आणि तिसऱ्यापर्यंत दबायला जागाच उरत नाही. मागचा भाग खाली बसला की पुढचे चाक हलके होते, म्हणून गाडी बाहेर सरकते. दोष रिबाउंडचा. 'हार्ड आहे' हा शब्द खोटा नव्हता. पण त्या शब्दावर विसंबून कॉम्प्रेशन सैल केले असते तर मागचा भाग आणखी खोल बसला असता आणि रोग वाढला असता.

मला माझा वर्ग आठवला. 'कवीची संवेदनशीलता तरल आहे', 'प्रतिमासृष्टी समृद्ध आहे' अशी वाक्ये दरवर्षी शेकडो उत्तरपत्रिकांत येतात. ती चूक नसतात आणि हीच त्यांची अडचण आहे. ती कोणत्याही कवितेविषयी म्हणता येतात, म्हणून कोणत्याही कवितेपाशी ती खोटी ठरत नाहीत. आय. ए. रिचर्ड्स ह्यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया तपासल्या. १९२९ सालच्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' ह्या ग्रंथात त्यांनी साचेबंद प्रतिसादांची जी मीमांसा केली, ती आपण शिकवतो. स्वतःवर मात्र क्वचितच लावून पाहतो.

रिचर्ड्सचा प्रयोग इथे करता येईल का, असे मी दादाला विचारले. त्याला गंमत वाटली. भाच्याला आधीच सांगून त्याची संमती घेतली : दुपारी चार-चार फेऱ्यांचे तीन तुकडे करायचे, प्रत्येकाआधी बाबा स्क्रूला हात लावतील, काय केले ते मात्र सांगणार नाहीत. बदल रिबाउंडचाच आणि थोडक्या क्लिकचा, एवढे त्याला ठाऊक होते.

पहिल्या तुकड्याआधी दादाने स्क्रूला नुसते बोट लावले. काहीच बदलले नाही. भाचा परतला तो खुशीत. "जबरदस्त फरक! एकदम स्टेबल झाली." आणि आश्चर्य म्हणजे त्याची सर्वांत जलद फेरी सकाळपेक्षा चार दशांश सेकंदांनी जलद होती. दुसऱ्या तुकड्याआधी रिबाउंड तीन क्लिक सैल केला. तो उतरला आणि म्हणाला, "काय केलेत कळत नाही. विशेष काही वाटले नाही. पण तिसरा लागला नाही." घड्याळ मात्र आधीच्या तुकड्याच्या मागेच होते. तिसऱ्या तुकड्याआधी दादाने स्क्रू मूळ जागी आणला. ह्या वेळी भाच्याने हेल्मेट काढायच्या आधीच सांगितले, "तिसरा परत आला."

'स्टेबल' हा शब्द अपेक्षेतून आला होता. 'तिसरा' हा शब्द रस्त्यावरून आला होता आणि तीनही वेळा खरा ठरला. पण रात्री वाद झाला तो ह्याच्या पुढचा. भाच्याचे म्हणणे, शब्द काहीही असोत, घड्याळ मूळ सेटिंगच्या बाजूने आहे. दादाचे म्हणणे, घड्याळाने एक फेरी पाहिली आहे, शर्यत आठ फेऱ्यांची आहे. आवाज थोडे चढले. मागल्या वर्षीचे हाड दोघांच्याही मनात होते, पण त्याचा उच्चार कोणी केला नाही.

मी वही उघडली आणि सर्वांत जलद फेरीऐवजी चारही फेऱ्या वाचून दाखवल्या. पहिल्या तुकड्यात जलद आणि मंद फेरीत एक सेकंदाहून अधिक अंतर होते. दुसऱ्यात चारही फेऱ्या तीन दशांशांच्या आत बसत होत्या. उत्साहाने एक फेरी जिंकता येते. दमलेल्या अंगाला मात्र जे दर वेळी सारखे वागते तेच सोसते. भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "बाबा, तीन क्लिक सोडा." निर्णय त्याचा होता आणि तो त्याचाच असणे मला महत्त्वाचे वाटले. गाडीवर तिसऱ्या उंचवट्यापाशी दुसरे कोणी नसते.

रविवारी तो अकराव्या जागेवरून निघाला आणि आठवा आला. ह्यातून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. पुढचे दोघे पडले होते आणि एकाच्या गाडीची साखळी उतरली होती. मला मोलाचा वाटतो तो वहीतला त्या दिवशीचा शेवटचा रकाना : "हात भरून आले होते. शेवटच्या फेरीतही तिसरा लागला नाही." त्याच संध्याकाळी दादाने वहिनींना फोन लावून दिला आणि हेच वाक्य भाच्याने त्यांना सांगितले. ते किती कळले कोणास ठाऊक, पण पुष्कळ महिन्यांनी त्यांनी शर्यतीविषयी एक प्रश्न विचारला : तिसरा म्हणजे काय रे?

अनुभव व्यक्तिनिष्ठ असतो, म्हणून त्याविषयी नेमके बोलता येत नाही, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मला आता ते पटत नाही. कमरेला लागलेला धक्का भाच्याचा स्वतःचाच होता, इतर कोणाला तो लागला नव्हता. तरी त्याने तो अशा वाक्यात ठेवला की ते खोटे ठरू शकले असते, आणि म्हणूनच ते खरे आहे हे कळू शकले. परिभाषेवर माझा राग नाही. 'रिबाउंड' हा शब्द नसता तर दादाला उपाय सापडला नसता. पण तो शब्द दादाच्या तोंडी नंतर आला. आधी आले ते तीन उंचवटे आणि त्यांतला प्रत्येक कसा लागला ते.

ह्या सत्रात कविता वाचून झाली की मी विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न एवढाच विचारते : कोणत्या ओळीला लागले, आणि त्याआधीच्या ओळीला का लागले नाही? वर्ग बराच वेळ गप्प बसतो. ती शांतता मला पूर्वीच्या उत्तरांपेक्षा आश्वासक वाटते.