परड्याकडची खोली

आमची जमीन कालव्याच्या टेलला. वरच्यांचे भिजून उरले तर पाणी आमच्याकडे येणार. पाटकऱ्याशी भांडण्यात माझा निम्मा जन्म गेला म्हणा ना! पण माझ्याच घरात कुणी टेलला बसले आहे, हे मला दोन वर्षे उमगले नाही.

घर आमचे जुने, दगडमातीचे. भिंती दीड-दीड हात जाड. पुढे सोपा, मग माजघर आणि मागे परड्याच्या अंगाला एक खोली. इंटरनेटची तार सोप्यात आली, म्हणून राउटरही तिथेच बसवला. सोप्यात मी बाजारभाव आणि क्रिकेट मजेत पाहायचा. मागच्या खोलीत धाकटी लेक स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दोन भिंती ओलांडेपर्यंत वायफायचा जीव जायचा.

पोर काही बोलली नाही. आम्ही आडवे झालो की शाल घेऊन ओट्यावर बसायची आणि तिथे व्याख्याने ऐकायची. मला वाटे, गार हवेची हौस असेल! गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिच्या पायाशी मण्यार निघाली. मोबाईलच्या उजेडात वेळीच दिसली म्हणून बरे. मी काठी घेऊन धावलो तोवर ती जोत्याच्या फटीत गेली होती.

सौ. एवढेच म्हणाली, "पाटकऱ्याला शिव्या देता. आपल्या घरात शेवटपर्यंत पोचतंय का, ते बघितलंत कधी?"

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून रिपीटर आणला. तो हवेतून वायफाय घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. मी तो मागच्या खोलीतच लावला. तिथे मुळातच काही पोचत नव्हते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, जुना राउटर फडताळात पडलाय ना? तो काढा आणि वीस मीटर लॅन केबल आणा." म्हणजे पाणी हवेत उडवायचे नाही, पाइपातून न्यायचे. हे मला लगेच पटले.

काम तुम्हालाही जमेल, म्हणून नीट सांगतो. जुना राउटर आधी एकट्यालाच चालू करून मोबाईल किंवा संगणक त्याला जोडा. पुष्कळ राउटरांचा पत्ता मुळात 192.168.1.1 असतो. सोप्यातल्याचा तोच असेल तर जुन्याचा बदलून 192.168.1.2 करा. मग नव्या पत्त्यावर जाऊन त्याचे डीएचसीपी बंद करा. वायफायचे नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच ठेवा. शेवटी केबलचे एक टोक सोप्यातल्या राउटरच्या लॅन भोकात आणि दुसरे जुन्याच्याही लॅन भोकातच लावा. वॅन लिहिलेले भोक रिकामे ठेवायचे. काही राउटरांत 'अ‍ॅक्सेस पॉइंट' अशी सोयच असते. ती असेल तर तीच निवडा आणि त्यात सांगितल्याप्रमाणे करा, मग एवढा खटाटोप नको.

डीएचसीपीचे काम मी घाईत विसरलो. मग काय, सोप्यातले चाललेलेही अधूनमधून बंद पडू लागले! घरातल्या प्रत्येक मोबाईलला आकड्याचा पत्ता वाटून देणे हे त्या डीएचसीपीचे काम. एका पाटावर दोन पाटकरी नेमले आणि दोघेही आपापल्या मनाने पाळ्या लावू लागले, तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. धाकट्याचे वाटप बंद केले आणि भांडण मिटले.

अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आमची वाशांच्या कडेने नेली. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपात घालू नका. गोठ्यापर्यंत न्यायचा मोह मला झाला होता, पण उघड्यावरून तार न्यायची म्हणजे वळवाच्या विजांना आमंत्रण. ते मी सोडून दिले.

आता लेक दार लावून आपल्या खोलीत अभ्यासाला बसते. पहिल्या रात्री मी उगाच दोनदा ओट्यावर डोकावून आलो.

एकच उरले आहे. राउटरसाठी छोटी बॅटरी मिळते, ती मी सोप्यात लावली. त्यामुळे लाईट गेली की पुढचे चालते आणि मागचे बंद पडते. सौ.च्या ध्यानात यायच्या आत दुसरी आणायची आहे.