मांडणी

भांडी लावून ठेवायच्या लाकडी फळ्यांना मराठी स्वयंपाकघरात मांडणी म्हणतात, आणि एखाद्या विचाराच्या रचनेलाही मांडणीच म्हणतात. चूल मांडतात, डाव मांडतात, संसार मांडतात. हिशेब, गाऱ्हाणं आणि सिद्धांतही मांडतातच. ही नुसती शब्दांची गंमत आहे, असं कुणी म्हणेल. पण मांडणं म्हणजे वस्तू अशी ठेवणं की ती दिसावी, हाताला यावी आणि ठेवली तिथं टिकावी. विचारालाही याहून वेगळं काही लागत नाही. म्हणून हातात पहिल्यांदा करवत घेणाऱ्यानं आधी पुस्तकांसाठी साधी मांडणी करावी, असं आग्रहानं म्हणावंसं वाटतं. खुर्चीची चूक गादीखाली जाते, पेटीची झाकणाखाली. मांडणीत दोन उभ्या बाजू, चार आडव्या फळ्या आणि मधली मोकळी जागा एवढंच असतं. जे चुकलं ते दिसतं, आणि जरा थांबून पाहिलं तर का चुकलं तेही दिसतं.

सगळ्यात आधी दिसतो तो बाक. एक फूट लांबीत उभी लावलेली पुस्तकं साधारण आठ-दहा किलो भरतात. तीन फुटांच्या फळीवर म्हणजे तांदळाचं एक अख्खं पोतं येतं, आणि ते रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथंच असतं. नवशिक्याला वाटतं, फळी दुप्पट लांब केली तर ती दुप्पट वाकेल. तसं होत नाही. पुस्तकांसारखा सर्वदूर पसरलेला भार असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. दोन फुटांची फळी चार फुटांची केली की तो सोळा पट होतो. उलट जाडी पाऊण इंचावरून एक इंचावर नेली, तर बाक निम्म्याहूनही कमी राहतो. गॅलिलिओनं १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला. त्याच्या गणितातली एक चूक पुढच्यांनी दुरुस्त केली, पण आडव्या ठेवलेल्या पट्टीपेक्षा तीच पट्टी उभ्या कडेवर कितीतरी अधिक भार पेलते, हे त्यानं नेमकं सांगितलं होतं. फळीच्या पुढच्या कडेला दीड इंचाची पट्टी उभी बसवली, तर त्याच नियमानं बाक कमी होतो. शिवाय लाकूड भाराखाली एकदाच वाकून थांबत नाही. महिने जातात तसं ते सावकाश आणखी झुकतं. म्हणून दोन आधारांमधलं अंतर अडीच फुटांच्या आत ठेवावं. लांबलचक फळी डौलदार दिसते खरी, पण आधाराविना फार लांब ओढलेलं विधानही पहिल्या वाचनात तसंच दिसतं.

बाक येतो म्हणून फळी जाड करणारा माणूस दुसऱ्या दोषाकडे मात्र बघत नाही. चार कोपरे स्क्रूनं घट्ट आवळले, कर्ण मोजून सारखे भरले, गुण्या लावून सगळं काटकोनात आहे याची खात्री झाली, तरी मांडणी हलक्या धक्क्यानं एका अंगाला कलते. चौकोनाचा स्वभावच तो. बाजूंची लांबी न बदलता तो तिरका होऊ शकतो, त्रिकोण होऊ शकत नाही. उपाय साधा आहे. मागच्या बाजूला पातळ प्लाय ठोकावा, नाहीतर एक तिरकी पट्टी मारावी. पुस्तकं लावली की हा भाग कुणालाही दिसत नाही, आणि सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो. इथं व्यवहारी माणूस विचारेल, की तयार कपाट स्वस्तात मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि पैशांच्या हिशेबात तोच जिंकेल. लाकूड, काचकागद, स्क्रू आणि वाया गेलेली एक फळी धरली तर घरची मांडणी स्वस्त पडेलच असं नाही. पण विकत आणलेलं कपाट आपल्याला जागा देतं. केलेली मांडणी त्याखेरीज एक नजर देते. ती आली की पूल, छप्पर, टेबल, अगदी रस्त्याकडेची पाटीसुद्धा नुसती दिसत नाही. ती कशावर उभी आहे तेही दिसू लागतं.

खरं तर पुस्तकांची उभी मांडणी आपल्याकडे फार जुनी नाही, कारण उभं राहणारं पुस्तकच जुनं नाही. पोथी आडवी असते. ताडपत्राचा लांबट आकार तिनं कागदावर आल्यावरही सोडला नाही. पानं सुटी, त्यामुळे ती उभी केली तर घसरणारच. म्हणून वर एक आणि खाली एक लाकडी फळी, त्याभोवती कापड आणि कापडावर दोरी. पोथीची फळी अशी तिच्याच अंगाला बांधलेली असे. तिला दुसऱ्या फळीची गरज नव्हती, फडताळ किंवा देवाजवळचा कोनाडा पुरे होता. सरकारी कागदांचंही तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रं कापडात बांधून ठेवलेली, आणि त्या गाठोड्यांना रुमाल हेच नाव आजही आहे. शिळाप्रेस आला, अक्षरं छापली जाऊ लागली, तरी कितीतरी पोथ्या सुट्या, आडव्या पानांच्याच निघत राहिल्या. युरोपातही पुस्तक एका दिवसात उभं राहिलं नाही. तिथं ते आधी पेटीत आणि उतरत्या मेजावर पडून असे. उभं केल्यावरही त्याचा कणा आत आणि पानांची कड बाहेर, कारण साखळी त्या कडेच्या बाजूला अडकवलेली. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलात असं साखळीबंद ग्रंथालय अजून जपलेलं आहे. कणा वाचकाकडे वळला आणि त्यावर नाव आलं, ते पुढं. आपल्याकडे रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघालं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईचं १८९८ सालचं. अशा संस्थांमुळे अनेकांची पुस्तकं एका जागी, नावं बाहेर करून, ओळीनं उभी राहिली. गाठ सोडल्याशिवाय पोथी आपलं नाव सांगत नाही. तिच्याकडे जायला वार, तिथी, चातुर्मास लागतो. उभं पुस्तक जाता-येता नाव सांगत राहतं. दोन्हींत काही गमावलेलं आहे आणि काही कमावलेलं. पण ज्या घरात मूल वाढतं आहे तिथं मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, नावं बाहेर करून उभी असलेली पुस्तकं हवीत, या बाजूनं मन स्पष्टपणे झुकतं.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. सुतारकाम ही पिढ्यानपिढ्या शिकलेली विद्या, गावगाड्याच्या बलुतेदारीत सुताराचं स्थान मोठं. हौशी माणसानं त्याच्या कामात हात घालणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं नव्हे का? अनुभव उलट शिकवेल. ज्यानं एकदा तरी रेषेला रेष धरून फळी कापली आणि तरी दोन टोकांत सुताएवढा फरक राहिलेला पाहिला, तो सुताराच्या मजुरीवर घासाघीस करताना अडखळेल. इटालियन रचनाकार एन्झो मारी यानं १९७४ साली साध्या फळ्या आणि खिळ्यांनी करता येतील अशा टेबल, खुर्ची, पलंग, पुस्तकांची मांडणी यांचे एकोणीस आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवणाऱ्याला ते मोफत दिले. घरोघरी सुतार तयार व्हावेत हा हेतू नव्हता. स्वतः करून पाहिल्यावर माणसाला चांगली वस्तू ओळखता यावी, हा होता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमच्या अभ्यासक्रमात सूतकताई आणि शेतीबरोबर लाकूडकाम होतं, त्यामागेही हात आणि बुद्धी वेगळ्या वाढू नयेत हाच विचार होता. शाळेतून ते जवळजवळ नाहीसं झालं, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट आहे.

सगळं जुळलं की उरतं तेल. रंगाच्या दुकानात जवसाचं डबल बॉईल्ड तेल मिळतं. कापडाच्या बोळ्यानं ते पातळ लावावं, जास्तीचं पुसून घ्यावं आणि फळीला दोन-चार दिवस वारा लागू द्यावा. हे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. म्हणून तेलकट बोळे चुरगाळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरूनच वाळवावेत. जवस आपल्याकडे विदर्भात पिकतो, भाकरीबरोबरच्या चटणीत येतो. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं याच तेलात रंग खलले. त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथला कागद विटलेल्या लिननच्या आणि सुती चिंध्यांपासून होत असे. निळ्या फुलाचं एक गुडघाभर उंचीचं झाड. त्याच्या बियांचं तेल फळी पिते, आणि त्याच्या धाग्यांवर माणसं कित्येक शतकं लिहीत आली.