गांबियाच्या पाण्यावर

शिडाच्या यॉटने पश्चिम आफ्रिकेचा किनारा पाहायला जाणार, हे कळताच घरी येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न समुद्री चाच्यांविषयी विचारला. प्रश्न गैर नव्हता; पण चाचेगिरीसाठी बदनाम झालेले गिनीचे आखात दूर आग्नेयेला, नायजेरियाच्या बाजूस आहे. आमचा मार्ग सेनेगालमधील डाकारहून दक्षिणेला गांबिया नदीपर्यंतचा होता. नोकरीनिमित्त डाकारला राहणाऱ्या जावयांची ती छोटीशी यॉट. माझे वय ६८, यांचे ७३.

खरी तयारी पुण्यातच सुरू झाली. त्या भागात पीतज्वर आहे. त्याच्या लशीचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते आणि भारतात परतताना ते दाखवावेच लागते. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघांना नीट तपासून मगच संमती दिली. नेहमीची औषधे दुप्पट घेतली आणि दोन वेगवेगळ्या जलरोधक पिशव्यांत ठेवली.

आम्ही जानेवारीत, कोरड्या ऋतूत गेलो. तेव्हा सहारातून हरमॅटन नावाचा वारा धूळ घेऊन येतो. सकाळी दोरखंडांवर तांबूस पूड साचलेली दिसे. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि उतारवयात तहानही उशिरा लागते. त्यामुळे तासातासाला पाणी देण्याचे काम मुलीने स्वतःकडे घेतले होते.

डाकारहून निघाल्यावरची रात्र समुद्रावर गेली. कोळ्यांची लांबट लाकडी होडकी, ज्यांना तिकडे पिरॉग म्हणतात, पुष्कळदा दिव्याविना अंधारात उभी असतात. जावई आणि मुलगी आळीपाळीने जागी राहिली. रात्री आम्ही दोघांनी वर डेकवर यायचे नाही आणि दिवसाही लाइफ जॅकेट घालून, हाताला आधार सापडल्यावरच पाऊल उचलायचे, असा नियम होता. यांना तो जाचक वाटे. पण एका लाटेसरशी यॉट कलंडली आणि तेव्हापासून तक्रार थांबली.

बांजुल मागे टाकून नदीत शिरलो आणि पाणी एकदम शांत झाले. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडी. ओहोटीला बायका लहान होड्यांतून येऊन तिवरांच्या मुळांना चिकटलेली कालवे खरवडून काढत होत्या. ते पाहताना कोकणातल्या खाडीची आठवण आली. जुफुरे गावासमोर कुंटा किंटे बेट आहे. गुलामांच्या व्यापाराचे साक्षीदार असलेले हे बेट २००३ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथल्या पडक्या भिंतींजवळ आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो.

संध्याकाळी नांगर काठाजवळ न टाकता वारा लागेल अशा मोकळ्या पाण्यात टाकायचा, ही जावयांची शिस्त होती. कारण डास. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे घातक. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, अंगाला लावायचे मलम आणि रोजची प्रतिबंधक गोळी, यांपैकी काहीच चुकले नाही.

चुकले ते घरी परतल्यावर. या गोळ्या प्रवास संपल्यावरही, औषधानुसार आठवडाभर किंवा चार आठवडे, चालू ठेवायच्या असतात. “आता घरी आलो,” म्हणून यांनी त्या बंद केल्या आणि माझ्याही ते लक्षात आले नाही. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. सर्वांना तो साधा ताप वाटला. मी मात्र डॉक्टरांना आधी सांगितले, “आम्ही नुकतेच गांबियाहून आलो आहोत.” त्याच दिवशी रक्त तपासले आणि मलेरिया निघाला. रुग्णालयात ठेवून लगेच उपचार झाल्याने चार दिवसांत हे घरी आले.

आपल्या घरातील ज्येष्ठ अशा प्रवासाहून परतले, तर पुढचे काही महिने कोणत्याही तापात डॉक्टरांना प्रवासाची माहिती प्रथम द्यावी आणि रक्ततपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. आमच्या औषधांच्या डब्यावर गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत घ्यायच्या, ते आता मुलगी स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.