चिलखतराव, तुमचा बंद कुठे आहे?

राजमान्य राजेश्री चिलखतराव यांस,
मुक्काम पोस्ट पडद्यापलीकडे, तालुका कल्पनालोक.

स. न. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. डोळ्यांचा नंबर वाढला आहे, पाठ अधूनमधून धरते, रात्री अकरानंतर खेळायला बसलं की आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो आणि तो खोकला नसतो. म्हणजे एकूण ठीकच. तुमची तब्येतही उत्तम दिसते. हल्लीच एका नव्या गेममध्ये भेटलात तेव्हा दोन्ही खांद्यांवर पंख होते, छातीवर एक कवटी, गुडघ्यांवर आणखी दोन, कोपराला हातभर लांब काटे. आणि पोट उघडं. एवढं लोखंड खर्ची पडलं आणि नेमकी आतड्यांची जागा तेवढी राहिली, याचा हिशेब मी बराच वेळ लावत बसलो.

आपली ओळख जुनी, म्हणून तोंड उघडतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ पार्लर होतं, आठवतंय? तिथे कॅपकॉमचा 1985 सालचा 'घोस्ट्स एन गॉब्लिन्स' लागलेला असायचा. आर्थर नावाचा सरदार आणि त्याच्या अंगावर तुम्ही. पहिला फटका बसला की तुम्ही खळ्ळकन गळून पडायचात आणि सरदार भर स्मशानात चड्डीवर उभा. दुसऱ्या फटक्याला नुसती हाडं. मागे उभी असलेली पोरं हसायची, पण ज्याचं नाणं आत गेलेलं असे त्याला हसू येत नसे. तेव्हा तुमच्यावर नक्षी नव्हती, 'आगीपासून बचाव अमुक टक्के' अशी पाटी नव्हती. तुम्ही अंगावर आहात तोवर आणखी एक चूक करायची मुभा आहे, एवढाच तुमचा अर्थ होता. त्या काळाबद्दल मनापासून आभार. आज तुमच्या नावापुढे तक्ताभर आकडे असतात. ते वाचूनही तुमची किंमत इतकी स्वच्छ कळत नाही.

सेगाच्या 'गोल्डन अ‍ॅक्स'मध्ये, म्हणजे 1989 साली, तुम्ही जवळपास रजेवरच होतात. टायरिस फ्लेअर दोन पट्ट्यांत लढत होती. पण तिच्या शेजारचा अ‍ॅक्स बॅटलरही निळ्या चड्डीतच होता, त्यामुळे निदान गरिबी सगळ्यांना सारखी होती. पुढे पुरुषांची परिस्थिती सुधारली. बायकांची तशीच राहिली, फक्त पट्ट्यांना सोनेरी काठ आले.

याबद्दल थोडं रागावूनच लिहितो. बर्फाळ मुलखातला एक गेम घरी चालू होता. माझा पुरुष सैनिक मानेपासून नखापर्यंत लोखंडात. तेच चिलखत, तेच नाव, बचावाचा तोच आकडा. फक्त पात्र बाईचं घेतलं, तर पोट उघडं, मांड्या उघड्या, आणि वर बर्फ पडतंय. मागे आई मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, ''अरे, त्या पोरीला स्वेटर तरी दे.'' या विषयावर पुढे बरंच वाचलं, पण याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

आणि जिथे तुम्ही तिचं अंग पूर्ण झाकता, तिथे पोलादाला दोन वाट्यांचा आकार देता. चिलखतराव, तुम्हाला तुमचा धंदा मी शिकवायचा का? दोन उंचवट्यांमधली घळ भाल्याचं टोक सरळ छातीच्या हाडाकडे नेते. लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या खटपट केली ती बरोबर उलटी. पंधराव्या शतकातलं युरोपातलं छातीचं पान बघा: मधे फुगलेलं, कडांना उतरतं, घाव घसरून बाजूला जावा म्हणून. त्या फुगवट्यात पुरुष मावतो, बाई मावते, दुपारचं जेवणही मावतं. 2025 साली 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ने पुरुषांचं आणि बायकांचं चिलखत ही वाटणीच काढून टाकली; ज्याला जे आवडेल ते घालावं. इतकी वर्षं तो हुकूम कुणी अडवून धरला होता, हे तुम्हालाच माहीत.

आता तुमचे दुसरे टीकाकार, ते वास्तववादी. त्यांच्या पंगतीला मला बसवू नका. त्यांना तुमची प्रत्येक कडी इतिहासातल्यासारखी हवी असते, आणि इतिहास त्यांनी बहुधा सिनेमात पाहिलेला असतो. खरं चिलखत इतकं जड की सरदाराला यारीने उचलून घोड्यावर ठेवत, ही त्यांचीच समजूत. 1944 सालच्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटाने ती पक्की केली. वास्तविक लढाईचं अख्खं चिलखत 20 ते 25 किलोंचं असे, आणि ते वजन सर्वांगावर वाटलेलं असे. फ्रान्सचा मार्शल बूसिको तुम्हाला अंगावर घेऊन कोलांटी मारत असे, फक्त शिरस्त्राण तेवढं काढून.

आणि शौक म्हणाल तर खऱ्या दुनियेतही तुम्ही कमी नव्हतात. सम्राट मॅक्सिमिलियनने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला भेट दिलेलं शिरस्त्राण लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. इन्सब्रुकच्या कोनराड झॉयसेनहोफरने ते 1511 ते 1514 च्या दरम्यान घडवलं. त्याला मेंढ्याची वळणदार शिंगं आहेत, दात काढून वेडावणारा चेहरा आहे, गालावर दाढीचे खुंट कोरलेत आणि नाकावर चष्मा आहे. चष्मा! कुठल्या गेममधल्या चित्रकाराने असलं काही काढून दाखवलं तर त्याला सुट्टीवर पाठवतील. याच हेन्रीचं 1540 सालचं चिलखत टॉवर ऑफ लंडनमध्ये असतं; त्याच्या कंबरेखालच्या एका भागाचं वर्णन सभ्य माणसाच्या पत्रात करता येत नाही. शिंगांबद्दल मात्र एक खुलासा. ती तुम्हाला वायकिंग पूर्वजांकडून मिळाली असं तुम्ही सांगत फिरता. ती 1876 साली बायरॉइटला वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर या वेशभूषाकाराने लोकप्रिय केली. शिरस्त्राणाचं काम घाव घसरवण्याचं, आणि शिंग त्या घावाला धरायला जागा देतं. मिरवायला शिंगं जरूर लावा, फक्त वाडवडिलांच्या नावावर खपवू नका.

या बाबतीत जपानी लोक फार शहाणे निघाले. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या सरदारांची शिरस्त्राणं पाहिली तर वाटतं, हे डोक्यावर पेलायचं कसं: माशाची शेपूट काय, उंच टोप्या काय. पण आत साधा, मजबूत लोखंडी टोप असे आणि वरचा सगळा थाट कागदाच्या थरांचा, लाखेने रंगवलेला. वार बसला तर थाट मोडेल, डोकं शाबूत राहील. जीव वाचवायचं काय आणि लोकांनी बघायचं काय, हे कारागिराला नीट ठाऊक होतं आणि त्याने दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे जोडल्या होत्या.

म्हणून, रावसाहेब, मला छळणारी गोष्ट अगदी लहान आहे. तुम्ही अंगावर टिकता कसे?

आमच्या बाराबंदीचेसुद्धा बंद दिसतात. खऱ्या चिलखताचा प्रत्येक तुकडा कशाला तरी लटकलेला असतो. आत कापूस किंवा लोकर भरून शिवलेला जाड अंगरखा. त्याला मेण लावलेल्या दोऱ्यांनी बांधलेले हातापायांचे भाग. चामड्याचे पट्टे, बकलं, बिजागऱ्या. कोपराचे पत्रे रिव्हेटांवर एकमेकांवरून फिरतात, म्हणून हात वाकतो. चढवायला मदतनीस लागतो आणि तो पायांकडून सुरुवात करतो. गेममध्ये मेन्यूवर एक टिचकी मारली की तुम्ही अंगावर. ते चालेल, माझ्याकडेही तितका वेळ नाही. पण तो परातीएवढा खांद्यावरचा पत्रा हवेत कशावर उभा आहे? कोपर वाकवला की पोलाद कसं काय ताणलं जातं? आत अंगरखा नाही, तर थंडीत त्या धातूची कड थेट गळ्याला टोचत नाही का? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये 2004 साली तुम्ही खांदे इतके का फुगवलेत, ते मला पटतं. कॅमेरा मागे आणि वर, पात्र बोटभर, गर्दीत योद्धा कोण आणि जादूगार कोण हे लांबूनच कळायला हवं. गरज खरी होती. पण हात वर केल्यावर तो खांदा डोक्यातून आरपार जातो, तेव्हा आतल्या माणसाचं काय होत असेल याचा विचार कुणीतरी करायला हवा होता. एक पट्टा दाखवा, एक बकल दाखवा; मग वरती हवे तेवढे पंख लावा, मी मुकाट्याने मान्य करीन.

तुम्ही मनावर घेतलंत तर हे जमतं, हे मी पाहिलंय. 'डार्क सोल्स'मध्ये, 2011 साली, कॅटरिनाच्या सरदारांच्या अंगावर तुम्ही गोलमटोल होऊन आलात. बघणारे त्यांना कांदा म्हणतात आणि ते सरदार चिडतात. (आमच्याकडे कांद्याला कुणी हसत नाही. त्याने सरकारं पाडलीत.) पण त्याच गोलाईवरून वार घसरतो, हे गेमनेच सांगून ठेवलंय. हसू येईल असा आकार, आणि त्या आकाराला कारण. तुमच्या साऱ्या जन्मात मला सर्वांत लोभस तुम्ही तिथे वाटलात. त्याच गेममध्ये वजन झेपण्याच्या मर्यादेच्या पाव हिश्श्याखाली ठेवलं तर चपळ लोळण घेता येते, निम्म्याच्या वर गेलं की धपकन पडायला होतं. म्हणजे सुंदर दिसायचं तर किती, आणि जगायचं तर किती, हा सौदा प्रत्येकाने स्वतः करायचा. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओने 2018 साली 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' काढला. त्यात राक्षस नाहीत, 1403 सालचा बोहेमिया आहे. तिथे तुम्ही थरांवर थर चढवत येता, शिरस्त्राणाची झडप पाडली की जग एका फटीएवढं उरतं, आणि रक्ताने माखून गावात गेलं तर लोक नाकं मुरडतात. खेळताना जीव मेटाकुटीला आला, पण तुमच्याबद्दलचा आदर वाढला.

पण तिकडे 2011 च्या अखेरीस 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने रूप बदलायची सोय आणली: आकडे एका चिलखताचे, दिसणं दुसऱ्याचं. त्याआधी चांगल्या आकड्यांच्या मागे लागून लोक हिरवी विजार, जांभळी छाती आणि लाल टोप घालून युद्धाला जात, त्यामुळे सोय स्वागतार्हच. मीही तासन्‌तास आरशासमोर घालवले. पण त्या दिवसापासून तुमचं काम आणि तुमचं रूप यांचा काडीमोड झाला. कागदी शेपटीखाली लोखंडी टोप होता. इथे वर काय आणि आत काय, यांचा एकमेकांशी संबंधच उरला नाही. याचा शेवट काय झाला, ते 2022 साली तुम्ही पाहिलंतच. 'एल्डन रिंग'मध्ये मलेनिया नावाच्या शत्रूपुढे भले भले शरण येत होते, आणि 'लेट मी सोलो हर' या नावाचा एक खेळाडू परक्यांच्या मदतीला धावून तिला हजाराहून अधिक वेळा हरवून गेला. अंगावर लंगोट, डोक्यावर मडकं, हातांत दोन तलवारी. गेमच्या कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली. चिलखत कुणी पाठवलं नाही. मला तुमच्यासाठी वाईट वाटलं, पण हसूही आवरेना.

इकडच्या मुलखात तुमची आठवण वेगळी आहे. प्रतापगडच्या पायथ्याशी, 10 नोव्हेंबर 1659 रोजी, अफजलखानाच्या भेटीला गेलेल्या शिवाजी महाराजांच्या अंगावर तुम्ही अंगरख्याच्या आत होतात आणि पागोट्याखाली पोलादी टोप होता, असं बखरी सांगतात. दिसणं हाच तिथे धोका होता. तुमच्या गेमांमध्ये असं आत लपलेलं, समोरच्याला शेवटपर्यंत न कळणारं चिलखत मला अजून भेटलेलं नाही. कुणी काढलं तर रांगेत पहिला मी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 च्या 'राजी'मध्ये तर तुम्हाला बोलावलंच नाही. सर्कशीत वाढलेली मुलगी आपल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते, भिंतींवरून धावते, उड्या मारते. तिचा बचाव तिच्या पायांत आहे, त्यामुळे तुमची गैरहजेरी खटकत नाही. उघडं अंग चालतं, चिलखतराव. ते तिचं स्वतःचं असावं, एवढंच.

तेव्हा विनंती अशी. कवट्या ठेवा, गुडघ्यावरची तेवढी कमी करा, पायऱ्या चढताना लागत असेल. पोटावर एखादा पत्रा येऊ द्या. आईने सांगितलेला स्वेटर जाड अंगरख्याच्या रूपाने सगळ्यांनाच द्या. आणि बंद दाखवा. गावाच्या लोहाराकडे माझ्या पात्राला पाठवता, तो नुसता आकडा वाढवून देतो. एकदा त्याला तुटलेला पट्टा शिवताना बघायचंय.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला,
एक जुना खेळाडू

ता. क. पाठीवरच्या झग्याबद्दल लिहायचं राहिलं. घोड्यावर बसलं की तो घोड्याच्या पाठीतून आत शिरतो आणि पोटाखालून बाहेर येतो. 'एल्डन रिंग'मध्ये बॉक नावाचा एक शिंपी असले झगे काढून देतो, फार गुणी मुलगा आहे. त्याला दुसऱ्या गेममध्येही नोकरी मिळते का बघा. आमचा घोडा फार सोसतोय.