वावडे

'वावडे' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला विनोदाचे, कुणाला वेळेवर येण्याचे. पण या शब्दाच्या पोटात एक बारीकसा संशय दडलेला आहे. ज्याला वावडे आहे तो माणूस जरा लाडावलेला असावा, जरा हट्टी असावा, असे आपण मनोमन धरून चालतो. पथ्याच्या मागे वैद्य उभा असतो, उपासाच्या मागे देव, सोवळ्याच्या मागे सारे पूर्वज. वावड्याच्या पाठीशी मात्र कुणीच नाही. शेंगदाण्याचा कण पोटात जाताच ज्याचा घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि रक्तदाब कोसळतो, त्याच्या अवस्थेसाठी आपल्याजवळ स्वतःचा शब्द नव्हता. 'ॲलर्जी' हा शब्द आपण उसना आणला, आणि तोही धुळीने येणाऱ्या शिंकांपासून नकोशा नातेवाइकांपर्यंत सर्वांना वाटून टाकला.

माझा भाचा अशा माणसांपैकी एक. जन्म लंडनचा, २०१० चा. दीड वर्षाचा असताना दाण्याच्या लाडवाचा नखाएवढा तुकडा त्याच्या तोंडात गेला आणि ती रात्र रुग्णालयात गेली. तेव्हापासून बहिणीच्या घरात दाण्याचे कूट नाही. मराठी स्वयंपाकघरातून कूट वजा केले तर काय उरते, हे ज्याचे त्याने ताडून पाहावे. पण घर हे आपल्या हातातले असते. विमान नसते.

२०१९ च्या डिसेंबरात मी त्या मायलेकांबरोबर लंडनहून मुंबईला आले. तिकिटे काढताना मी माझ्यासाठी जैन जेवण सांगितले. मी जैन नाही. विमानातले ते जेवण बरे लागते, इतकेच त्याचे कारण. मला कुणी काही विचारले नाही. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. सारे निमूटपणे मान्य झाले. बहिणीने भाच्याविषयी कळवले तेव्हा मात्र डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागण्यात आले, एक लांबलचक अर्ज आला, आणि अखेरीस उत्तर मिळाले की शेंगदाणाविरहित जेवणाची हमी देता येत नाही. प्रवासात माझे ताट सर्वांच्या आधी आले, त्यावर आसनक्रमांकाची चिठ्ठीही होती. भाच्याने घरचा डबा उघडला.

विमान कंपनीवर अन्याय करण्याची मला इच्छा नाही. विमानातले जेवण ज्या प्रचंड स्वयंपाकघरांत शिजते, तिथे एका ओट्यावरचा कण दुसऱ्यावर जाणार नाही अशी शपथ कोण घेईल? खोट्या हमीपेक्षा प्रामाणिक नकार बरा. सलते ते वेगळेच. श्रद्धेच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय या व्यवस्थेने लावून घेतली आहे, शरीराच्या शब्दावर नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९९८ साली तिथल्या वाहतूक खात्याने सांगितले की अशा प्रवाशाने मागणी केल्यास त्याच्याभोवतीच्या काही रांगांत शेंगदाणे वाटू नयेत. तिथल्या संसदेने लगेच खात्याचे हात बांधले: आधी शास्त्रीय अभ्यास दाखवा, मग नियम करा. २०१० मध्ये खात्याने पुन्हा विषय काढला आणि त्याच तरतुदीपाशी तो अडला. पुढे साउथवेस्ट या कंपनीने १ ऑगस्ट २०१८ पासून आपण होऊनच शेंगदाणे देणे बंद केले.

शास्त्राची ती मागणी गैर नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. शेजारच्याने पुडी फोडली की दाण्याची भुकटी हवेतून पसरून घात करते, ही भीती सर्वत्र आहे. माझ्या बहिणीलाही होती. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने करवून घेतलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की या भीतीला पुरावा सापडत नाही. आधुनिक जेट विमानातली हवा दर काही मिनिटांनी बदलते आणि बारीक गाळण्यांतून जाते. धोका असतो तो पृष्ठभागावर: आधीच्या प्रवाशाच्या बोटांनी माखलेला समोरचा फळा, आसनाचे हात, पडद्याची काच. म्हणून ध्वनिक्षेपकावरच्या घोषणेपेक्षा त्या मुलाला चार मिनिटे आधी आत सोडून जागा ओल्या रुमालांनी पुसू देणे अधिक उपयोगाचे.

आणि खरा घात खाण्यातूनच होतो. १७ जुलै २०१६ रोजी नताशा एदनान-लापेरूज ही मुलगी हीथ्रोहून नीसला निघाली होती. तिने विमानतळावरच्या दुकानातून पाव घेतला. त्याच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. दुकानातच बनवून वेष्टनात घातलेल्या पदार्थांना तशी सूट होती. विमानात वडिलांनी तिला ॲड्रिनलिनची दोन्ही इंजेक्शने दिली. त्याच दिवशी ती गेली, वय पंधरा. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती सूट संपली, आणि त्या कायद्याला लोक तिच्याच नावाने ओळखतात.

आमच्या त्या प्रवासात दोन रांगा पुढे सांगलीच्या एक काकू होत्या. त्यांनी पोळी आणि दाण्याच्या चटणीचा डबा उघडला, वास आला, आणि बहीण उठून त्यांच्याकडे गेली.

"म्हणजे एकादशीला कांदा-लसूण चालत नाही, तसं का गं?" काकूंनी विचारले.

"तसं नाही हो काकू. त्याच्या पोटात गेलं तर त्याचा श्वास बंद होतो."

पलीकडचे एक गृहस्थ वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही." (त्या वाक्यात तथ्याचा एक कण असेलही. तान्ह्या वयातच दाण्याची चव दिली तर ही ॲलर्जी पुष्कळ टळते, असे २०१५ च्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात दिसले; त्याआधी कित्येक वर्षे डॉक्टर नेमके उलटे सांगत. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्याचा काय उपयोग?) काकूंनी मात्र पुढे काही विचारले नाही. प्रमाणपत्रही मागितले नाही. डबा बंद केला, पिशवीत खोल घातला, आणि त्या साबणाने हात धुऊन आल्या. दाण्याचा अंश साबणाने जातो, नुसत्या पाण्याने किंवा जंतुनाशक जेलने नाही, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मग उरलेला सारा प्रवास जो कुणी खाऊ काढील त्याला त्या आधी विचारत, "दाणे नाहीत ना त्यात? मागं एक लेकरू आहे."

२०२५ च्या उन्हाळ्यात भाचा प्रथमच एकटा मुंबईला आला. तोही तेव्हा पंधराचा. बहिणीने हिथ्रोवरून मला तीनदा फोन केला. त्याने विमानात बसल्यावर एकच संदेश पाठवला: जागा पुसली, दोन्ही इंजेक्शने खिशात, शेजारच्या आजींना सांगून झाले.