सतरा नंबरचा फॉर्म

"मिस, घर बैठे दसवीं होती क्या? और जल्दी होती क्या?"

उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला मालेगावात रस्त्यात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवातसुद्धा हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतं. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आमच्या कानांना जुना आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असं त्यात नोंदवलं होतं. आम्ही तेव्हा स्वतः दहावीच्या उंबऱ्यावर होतो. आमच्या गल्लीतल्या कितीजणी आमच्याबरोबर त्या उंबऱ्यापर्यंत आल्या नाहीत, हे सांगायला आम्हाला अहवालाची गरज नव्हती.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र नवा आहे. 'होते का' याच्या पुढे आता 'लवकर होते का' आलं आहे.

घरी शिकणारी मुलं म्हटली की वर्तमानपत्रवाल्यांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे हौशी आईबाप येतात. आमच्याकडे घरी बसलेल्या मुलांच्या तऱ्हा वेगळ्या. मोहल्ल्यातली शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा हमरस्ता ओलांडून, म्हणून घरी राहिलेली मुलगी ही एक. ती कांडी भरते, धाकट्यांना सांभाळते, आणि जमलं तर चुलत बहिणीची पुस्तकं वाचते. हिफ्जसाठी तीन-चार वर्षं मदरशात गेलेला आणि आता बरोबरीची पोरं दहावीत पाहून कासावीस झालेला मुलगा ही दुसरी. तिसरी तऱ्हा अलीकडची. २०२० साली कोरोनात नोकरी गेली म्हणून आखातातून परतलेलं एक कुटुंब आमच्या ओळखीचं आहे. मुलं तिथे इंग्रजी शाळेत होती. इथे आल्यावर सगळ्याच शाळा बंद. वडील इंजिनियर. त्यांनी स्वतः शिकवायला घेतलं, आणि शाळा उघडल्यावरही मुलांना परत पाठवलं नाही. थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पहिल्या दोन तऱ्हांना कुणी 'होमस्कूल' म्हणत नाही, तिसरीला म्हणतात. गणित मात्र तिघांचं एकाच पुस्तकातून करावं लागतं.

वाटा दोन आहेत. एक आपल्या राज्य मंडळाची, खासगीरीत्या बसण्याची, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. चौदा वर्षं पूर्ण झालेली हवीत, शाळा सोडल्याचा दाखला हवा, मूळ दाखला नसेल तर प्रतिज्ञापत्र. सहाशे गुणांची तीच परीक्षा, तेच पेपर: उर्दू, मराठी, इंग्रजी, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, समाजशास्त्रं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तिथेही वय चौदाच. पाच विषय, उर्दू माध्यम, पाच वर्षांची मुदत आणि त्यात नऊ संधी. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा वर्षातून दोनदा परीक्षा, शिवाय मागेल तेव्हा परीक्षा देण्याचीही सोय. विषय आपण निवडायचे.

या 'निवडायचे' शब्दापाशी आम्ही प्रत्येक बापाला थांबवतो. तिथे गणित न घेताही दहावी पास होता येते. क्लासवाले हे मोठ्या खुशीने सांगतात, मुलंही खूश होतात. पण गणित-विज्ञानाशिवायची दहावी घेऊन पॉलिटेक्निकच्या दारात गेलं तर दार उघडत नाही. दाखला खरा असतो, शिक्का खरा असतो, फक्त त्या दाखल्याने जिथे जायचं होतं तिथे जाता येत नाही. लवकर सुटण्याच्या घाईत हे बारीक अक्षर कुणी वाचत नाही.

कागदांचं तर विचारू नका. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, जन्माच्या नोंदीत तिसरंच. जन्मतारखेचाही तोच प्रकार. शाळेत घालताना कुणीतरी अंदाजाने एक जून लिहून टाकलेली. आमची उन्हाळ्याची अर्धी सुट्टी अशा दुरुस्त्यांमागे जाते. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकवलं, अर्ज-विनंत्यांचा पेपर ठेवायला हवा होता.

शिकवण्यात मात्र मजा आहे. हाफिज मुलगा पंधरा वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात त्याने इतिहासाचा एक धडा तोंडपाठ म्हणून दाखवला, स्वल्पविरामासकट. मग 'कारणे द्या' विचारलं तर गप्प. 'वर्णन करा' म्हटलं की पूर्ण पान, 'तुमचे मत लिहा' म्हटलं की कोरं पान. तिसऱ्या दिवशी त्यानेच तोड काढली. मदरशात रोजचा नवा सबक असतो आणि जुन्याची उजळणी म्हणजे आमोख्ता. भूमितीची प्रमेयं त्याने तशीच लावली. आज नवं एक, मागची पाच आमोख्त्याला. फक्त प्रत्येक पायरीला 'का' हे मोठ्याने म्हणायचं, एवढी अट आम्ही घातली. दोन महिन्यांत तो आम्हालाच 'क्यों' विचारून हैराण करू लागला. गणित त्याला जड गेलं नाही. जड गेली ती मराठी. किताब उर्दूत बाईमाणूस, मराठीत पुस्तक झालं की ना बाई ना बुवा. 'मिस, चीज एकच, मग ती किताब आणि ते पुस्तक कसं?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि 'ळ' त्याच्या जिभेवर शेवटपर्यंत 'ल'च राहिला. लेखी परीक्षेला जीभ लागत नाही, हे त्याचं नशीब.

आखातातून आलेल्या मुलीची गोष्ट उलटी. बीजगणित तिला खेळ वाटायचा. बाराव्या वर्षी ती नववीची उदाहरणं सोडवत होती. वडिलांनी वाचलं होतं की २०१६ साली सातवीनंतर शाळा सोडलेली मुंबईची एक मुलगी थेट अमेरिकेतल्या एमआयटीत पोहोचली. ते कात्रण त्यांनी आम्हाला दाखवलं. गोष्ट खरी आहे. पण तिच्याकडे प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदकं होती, आणि तरीही बारावीचा दाखला नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंदच होतं. ही दुसरी अर्धी गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "ठीक है, तो चौदा में दसवीं, सोलह में बारहवीं करवा दो."

हिशेब कागदावर मांडला. सहाव्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल सोळाव्या वर्षी दहावी होतं. चौदा पूर्ण होताच फॉर्म भरला तर परीक्षेपर्यंत पंधराव्याच्या जवळ येतं. म्हणजे वाचतं एक वर्ष, फार तर दीड. पुढे मुक्त विद्यालयातही दहावी आणि बारावीच्या दाखल्यांत दोन वर्षांचं अंतर ठेवावंच लागतं. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. नीटसाठी वय सतरा लागतं. तेव्हा बारावी लवकर झाली आणि सतरा भरत नसतील, तर ती एक वर्ष घरी बसणार. मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटपासून दूर ठेवणारा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केला, ही वाट आता मोकळी आहे. वय मात्र कुठलंही न्यायालय वाढवून देत नाही.

"मग त्या एका वर्षाचं काय करायचं?" आम्ही विचारलं. वडील काही बोलले नाहीत. आतून मुलीच्या दादीचा आवाज आला, "पढ़ाई तो हो जाएगी ना, फिर देखेंगे."

हे 'फिर देखेंगे' आम्हाला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या गल्लीत एका मुलीला क्लासवाल्यांनी पंधराव्या वर्षी दहावी करून दिली. पेढे वाटले. निकालानंतर दुसऱ्या आठवड्यात मंगनी झाली. तिच्या घरचे वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मुलगी शिकली, आता काय राहिलं? तिच्याच वयाच्या, शाळेत नववीत असलेल्या मुलीकडे रिश्ता आला तर आई म्हणते, 'अभी पढ़ रही है.' या चार शब्दांना आमच्या समाजात मोठी ताकद आहे. फूफीसुद्धा त्यापुढे गप्प बसते. कायद्याने अठरा लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कायदा निकाहाच्या दिवशी आठवतो, मंगनीच्या दिवशी नाही. मुलींना रोजचा आडोसा असतो तो 'पढ़ रही है'चाच. दहावी लवकर झाली की हा आडोसाही लवकर जातो.

मुलग्यांच्या बाबतीत हेच दुसऱ्या रूपाने होतं. हाफिज मुलाला ५८ टक्के मिळाले. वडिलांनी त्याच संध्याकाळी कारखान्यात त्याची जागा पाहून ठेवली होती. दहावी झाली, आता माग. तो आमच्याकडे येऊन बसला. रडला नाही, पण उठेना. त्याच्या वडिलांशी बोलायला आम्ही आमच्या भाईजानना पाठवलं, कारण मागवाल्याशी मागवाल्याच्याच भाषेत बोलावं लागतं. रात्रपाळी माग आणि दिवसा अकरावी, असा तोडगा निघाला. तो चांगला आहे असं आम्ही म्हणणार नाही. वर्गात तो झोपतो, असं त्याचे सर सांगतात. पण नाव पटावर आहे.

तेव्हापासून सतरा नंबरचा फॉर्म भरायला बसलं की आम्ही दहावीबरोबर अकरावीचाही कागद काढतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, तेव्हा कोणतं कॉलेज, कोणती शाखा, जाण्या-येण्याला रिक्षा कोण ठरवणार, हे सगळं परीक्षेच्या आधीच बापाकडून वदवून घेतो. आम्हाला तसा काही अधिकार नाही. पण शिकवण्याचे पैसे घेत नाही, तेवढ्या भिडेवर जमतं. आखातवाल्या मुलीच्या वडिलांनी बराच वेळ घेतला. घरीच शिकवण्यावर त्यांचा जीव होता, आणि त्यांनी तिला जे गणित दिलं ते आमच्या शाळेने नसतं दिलं, हेही खरंच.

त्यांचं मन वळलं ते आमच्या बोलण्याने नाही. मराठीच्या सरावासाठी आम्ही मुलांना 'माझी शाळा' हा निबंध दिला होता. ती म्हणाली, "मिस, मेरी तो शाळा ही नहीं है." आम्ही म्हटलं, जिथे शिकतेस ते लिही. तिने नऊ ओळी लिहिल्या. जेवणाचं टेबल, अब्बूंचा लॅपटॉप, पंखा, धाकटा भाऊ. नववी ओळ होती, 'माझ्या शाळेत मैत्रीण नाही.' व्याकरणाची एकही चूक नव्हती. वही तपासायला वडिलांनीच घेतली होती.

अकरावी विज्ञान, कॉलेजात जाऊन, असं आता ठरलं आहे. तोपर्यंत शुक्रवारी माग बंद असतात म्हणून जुम्मा झाल्यावर आमच्या पुढच्या खोलीत सहाजणी जमतात. कांडी भरणाऱ्या तिघी, एक शिलाईवाली, एक आमची भाची आणि ही. ती त्यांना बीजगणित शिकवते, त्या तिला मराठी वाचून दाखवतात आणि तिच्या 'ळ'ला हसतात. फॉर्म भरून झाले आहेत. एकीच्या नावाचं स्पेलिंग अजून दुरुस्त व्हायचं आहे, आणि भूमितीची दोन प्रकरणं बाकी आहेत.