नावाचा रकाना

जानेवारीत पळसदरीहून खोपोलीकडे वळणारी लोकल आधी ऐकू येते आणि पुष्कळ वेळानं धुक्यातून दिसते. तिच्या आवाजावर मी वाचनालयाचं कुलूप काढते. आत पावसाळाभर भिंतींत मुरलेल्या ओलीचा, जुन्या कागदाचा, डांबरगोळ्यांचा मिळून एक वास दाटलेला असतो. खिडकी उघडली की भात निघालेल्या खाचरांतून वालाचा हिरवा, थोडा उग्र वास आत येतो, आणि दोन्ही वास कपाटांमधल्या अरुंद जागेत एकमेकांत मिसळत राहतात. ही वेळ माझी.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. टेबलावर तसबीर, झेंडूचा हार, खाली सतरंजी. बायका भाकऱ्या उरकून आल्या. पदराला हात पुसत दारातच थबकल्या आणि देवघरात बघावं तसं कपाटांकडे लांबूनच बघत राहिल्या. यंदा मी भाषण केलं नाही. नावं सांगत गेले. १८५४ साली स्वतःच्या नावानं ‘काव्यफुले’ छापणाऱ्या सावित्रीबाई. पुढच्याच वर्षी मांग-महारांचं दुःख निबंधात मांडणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे. आणि आपल्याच रेल्वेमार्गावरच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेली यमुना. लग्नात ती आनंदी झाली, नवऱ्याच्या बदलीबरोबर अलिबागला आली आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली.

‘‘मग यमुनेचं काय झालं?’’ मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही.

खिडकीतून बोरघाटाची निळी कड दिसत होती. कर्जतला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात तेव्हा कुठे त्या हा चढ चढतात. या घाटाचं कंत्राट घेऊन विलायतेहून आलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली, आल्या आल्या आजारी पडून वारला. त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ते काम अंगावर घेतलं, माणसं नेमली, निभावलं, आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. परक्या मुलखात कोरं दुःख उराशी घेऊन डोंगरापुढे उभी राहिलेली ती बाई मला लहानपणापासून दिसत आली आहे. पण अलीकडे तिच्या मागे मला पाट्या दिसतात: सुरुंगाच्या धुरात मातीनं भरलेल्या, चुंबळीवर डुलणाऱ्या, पटकीनं एखादी बाई गळून पडली की दुसरीच्या डोक्यावर जाणाऱ्या पाट्या. अ‍ॅलिसचं नाव उरलं. पाटीखालचा चेहरा बोगद्याच्या काळोखात राहिला.

चहा झाल्यावर मी चिठ्ठ्या वाटल्या. यंदा स्वतःसाठी काय करायचंय ते लिहा, बिस्किटांच्या डब्यात टाका, नाव घालायची गरज नाही. किती वेळ पेनं नुसती हातात धरलेली होती! मुलाची दहावी, घरावरचे पत्रे, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं ओठांवर तयार होतं; ‘स्वतःसाठी’ या शब्दापाशी मात्र सगळ्याजणी, नदीचं पाणी किती खोल आहे ते पायानं चाचपावं, तशा थांबल्या होत्या. दुपारी मी डबा उघडला. सायकल शिकायची. एकदा समुद्र बघायचा. दुपारचा एक तास मला कोणी हाक मारू नये. एका चिठ्ठीवर फक्त लिहिलं होतं, ‘आजीच्या आईचं नाव.’

ती चिठ्ठी मी मुठीत धरून बसले.

संध्याकाळी आमच्या ठाकूरवाडीतली एक ताई परत आली. आठवड्याला पुस्तक नेते, पण कार्ड नवऱ्याच्या नावावर. देवघेवीच्या वहीत पाच वर्षं त्याचंच नाव, खाली तिची सही. मी नवं पान काढलं, वही तिच्याकडे सरकवली. रकान्यावर छापलेलं होतं: सभासदाचं संपूर्ण नाव. तिनं पेन उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं. बोटांच्या पेरांत वालाच्या शेंगांचा हिरवट डाग होता.

‘‘ताई, माहेरचं लिहू का सासरचं?’’

मी म्हटलं, तुला हवं ते.

बाहेर खोपोलीची गाडी गेली. टेबल थरथरलं, तसबिरीचा हार हलला. ती थरथर थांबेपर्यंत तिनं वाट पाहिली.

‘‘नुसतं माझंच लिहिलं तर चालेल?’’